रोज एक टिपण: विषय कुठून आणावा आणि खरे-खोटे कसे पारखावे

आपण बडोद्याच्या मराठी मंडळाच्या वॉट्सॲप गटावर दोन महिन्यांपासून रोज सकाळी मराठी भाषा, इतिहास किंवा संस्कृतीविषयी चार ओळींची माहिती देत आहात. पहिले पंधरा दिवस सर्वांनी कौतुक केले, नंतर प्रतिसाद ओसरला आणि विषयही संपत आल्यासारखे वाटू लागले. त्यातच ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार पानिपतच्या लढाईवरून आला असे आपण लिहिले, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी पुरावा विचारला आणि आपल्याला उत्तर देता आले नाही. रोज नवा विषय कुठून आणावा, माहिती खरी आहे की नाही हे आपल्यासारख्याने कसे ओळखावे आणि चूक झाली असेल तर ती गटावर सांगावी का, हे आपले तीन प्रश्न आहेत.

मी शाळेत सव्वीस वर्षे मराठी शिकवले आणि त्यांतली बरीच वर्षे शाळेच्या दारातल्या फळ्यावर रोज एक टिपण लिहिले. निवृत्त झाल्यावर तेच काम गावातल्या वाचनालयाच्या फळ्यावर करते. त्या अनुभवावरून सांगते की आपली खरी अडचण विषयांच्या तुटवड्याची नाही. आपण पाठवलेली साठ टिपणे मी वाचली. सोमवारी यादवकालीन मंदिर, मंगळवारी एका लेखकाची जयंती, बुधवारी एक म्हण, गुरुवारी पैठणी. प्रत्येक टिपण वाचताना बरे वाटते, पण कालच्या टिपणाचा आजच्याशी काही संबंध नसल्यामुळे ते वाचणाऱ्याच्या मनात टेकत नाही. महिन्याभरात अशी तीस सुटी टिपणे वाचलेल्या माणसाला विचारले, तर त्याला त्यांतली दोन आठवत असतील.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. आपले वाचक बहुतांशी प्रौढ असतील तर तारखा, पत्रे, जुने शब्द चालतात. मुले असतील तर ज्या वस्तूला हात लावता येतो तिथूनच सुरुवात करावी लागते. बडोद्याची पुष्कळ मराठी मुले घरी मराठी बोलतात पण शाळेत गुजराती किंवा इंग्रजी वाचतात, आणि त्यांना देवनागरीतला लांब मजकूर वाचण्याचा कंटाळा येतो. त्यांच्यासाठी तेच टिपण आवाजात ध्वनिमुद्रित करून पाठवणे अधिक उपयोगी पडेल. रोज टिपण देण्याचा आग्रह धरावा की आठवड्यातून चार दिवस द्यावे, हेही आपल्याकडे वेळ किती आहे त्यावर ठरेल. पडताळणी न करता रोज लिहिण्यापेक्षा पडताळून चार दिवस लिहिणे मी केव्हाही पसंत करीन.

विषयासाठी मी एक सवय लावून घेतली आहे. वाचणाऱ्याच्या तोंडात जो शब्द आधीच आहे तिथून निघायचे आणि त्याचा माग आठवडाभर काढायचा. आपल्यासाठी उदाहरण म्हणून ‘बटाटा’ घेते. पहिल्या दिवशी एवढेच विचारावे की मराठी माणूस बटाटा म्हणतो, गुजराती माणूसही बटाटा म्हणतो, मग दिल्लीचा माणूस आलू का म्हणतो? उत्तर त्या दिवशी देऊ नये. बडोद्याच्या मुलांना हे दोन्ही शब्द रोज कानांवर पडतात, त्यामुळे प्रश्न त्यांचा स्वतःचा होतो. दुसऱ्या दिवशी पगार, पाव, चावी आणि कोबी हे शब्द त्याच्या शेजारी मांडावेत. हे सारे पोर्तुगीज भाषेतून आलेले आहेत, आणि गुजरातीतही पगार, चावी व कोबी आहेतच. तिसऱ्या दिवशी कारण सांगावे. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतले, पुढे दीव आणि दमणही त्यांच्याकडे गेले, आणि १५३४ साली वसई त्यांना मिळाली ती गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याशी झालेल्या तहाने. पश्चिम किनाऱ्यावर जिथे त्यांची जहाजे लागत, तिथल्या बाजारात त्यांच्या वस्तू उतरल्या आणि वस्तूंबरोबर नावेही उतरली. मराठी आणि गुजराती या दोन शेजारणींकडे सारखेच शब्द का आहेत, हे आता कोणाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

चौथ्या दिवशी मी मुद्दाम एक वळण घेते. पोर्तुगीजांनी ‘बटाटा’ हा शब्द आणला, पण तो मुळात त्यांचाही नव्हे. कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा तो शब्द होता आणि तिथे त्याचा अर्थ रताळे असा होता. म्हणजे आपण ज्याला रताळे म्हणतो तोच मूळचा ‘बटाटा’, आणि आपले ‘रताळे’ मात्र संस्कृत ‘रक्तालु’ या शब्दावरून आलेले. पाचव्या दिवशी उपवासाचे ताट काढावे. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून आपल्याकडे बनतो तो कंद, बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि हिरवी मिरची या सर्वांचे मूळ अमेरिका खंडात आहे आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीपूर्वी यांतले काहीही आपल्या स्वयंपाकघरात नव्हते. ‘मिरची’ हे नावसुद्धा मिरीवरून पडले. नवी तिखट वस्तू आली तेव्हा लोकांनी जुन्या तिखट वस्तूच्या नावातून तिचे नाव घडवले. आमच्या वाचनालयात एका आषाढी एकादशीला हे टिपण लावले, तेव्हा एक आजी फळ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, “म्हणजे बाई, माझी पणजी काय खाऊन उपास करत असेल?” पुढच्या दिवसाचे टिपण त्या प्रश्नातून निघाले: वरी, शिंगाडा, केळी, दूध, खजूर. वाचणाऱ्याने विचारलेला प्रश्न हा सर्वांत चांगला विषय असतो, म्हणून आठवड्यातला एक दिवस त्यासाठी मोकळा ठेवावा.

सहाव्या दिवशी एखादी पाहता येण्याजोगी जागा सांगावी. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकली आणि तिथल्या चर्चमधल्या मोठ्या घंटा मराठ्यांनी आपल्याकडे आणून देवळांत टांगल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आणि भीमाशंकरला अशा घंटा आजही आहेत. मोठ्या आवाजाच्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात, ते ह्याच नाशिकच्या घंटेवरून. स्वयंपाकघरातल्या बटाट्यापासून निघून मुले सहाव्या दिवशी मेणवलीच्या घाटावर पोचली, तर दिवाळीच्या सुट्टीत ती आईवडिलांना तिथे घेऊन जाण्याचा हट्ट धरतील. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी तो धरला होता.

आता खऱ्या-खोट्याकडे वळते, कारण ह्यात मला जास्त सांगायचे आहे. शब्दांच्या व्युत्पत्तींच्या बाबतीत माझा पहिला नियम असा आहे की जी व्युत्पत्ती फार गोड आणि फार गोळीबंद असेल, तिच्यावर अधिक संशय घ्यावा. एखाद्या शब्दामागे एक राजा, एक प्रसंग आणि एक चटकदार संवाद असला, की ती गोष्ट बहुधा नंतर रचलेली निघते. सांबार हे नाव तंजावरात संभाजीराजांच्या नावावरून पडले अशी कथा सर्वत्र फिरते. ती द्यायचीच असेल तर ‘अशी कथा सांगतात’ एवढेच लिहावे आणि तिच्या शेजारी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मोठा मराठी शिलालेख द्यावा. कथा ऐकायला बरी वाटते, पण शिलालेख आजही जाऊन पाहता येतो.

दुसरा नियम कोश उघडण्याचा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली आली. त्यात त्या काळच्या बोलण्यातले शब्द आणि वाक्प्रचार मिळतात. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश हे दोन त्याच्या जोडीला असले म्हणजे नव्वद टक्के टिपणांचे काम होते. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही कोश संगणकावर विनामूल्य शोधता येतात. एखादा शब्द विशिष्ट लढाईमुळे रूढ झाला असे कोणी म्हणाले, तर त्या लढाईपूर्वीच्या मजकुरात तो आहे का, हे पाहणे हा सर्वांत सरळ उपाय आहे.

एक गोष्ट जवळून दाखवते. ‘नियमांना हरताळ फासला’ हे वाक्य आपण वृत्तपत्रात रोज वाचतो. एकदा आठवीच्या वर्गात एका मुलाने विचारले की हरताळ म्हणजे तर बंद, मग तो फासतात कसा? दुसऱ्या दिवशी मी घरातली एक हस्तलिखित पोथी वर्गात नेली. कागद मळकट झालेला, काळ्या शाईची अक्षरे एकसारखी ओळीत बसवलेली, आणि एका ओळीच्या मधोमध बोटाच्या पेराएवढा पिवळा पट्टा. पोथी खिडकीशी तिरपी धरली की त्या पिवळ्या लेपाखाली चुकलेले अक्षर पुसटसे दिसते आणि लेपावर पुन्हा बरोबर अक्षर लिहिलेले दिसते. तो पिवळा लेप म्हणजे हरताळ, संस्कृतात हरिताल, गंधक आणि सोमल म्हणजे आर्सेनिक असलेले पिवळे खनिज. लेखनिकाचा हात चुकला की तो ते वाटून त्या अक्षरावर फासत असे, आणि अक्षर नाहीसे होई. नियमाला हरताळ फासणे म्हणजे तो असा पुसून टाकणे. बंद या अर्थाचा हरताळ हा वेगळाच शब्द आहे: हाट म्हणजे बाजार आणि ताळे म्हणजे कुलूप. आपल्याकडच्या मुलांना गुजराती ‘ताळुं’ माहीत असल्यामुळे हे लगेच उमगेल. मी फळ्यावर एवढेच लिहिले: ‘जो फासतात तो हरताळ वेगळा, जो पाळतात तो वेगळा.’ त्या वर्गातली मुले आज तिशीत आहेत आणि भेटली की तो पिवळा पट्टा अजून आठवतो म्हणून सांगतात.

तिसरा नियम कालगणनेचा, आणि तोच आपल्या संक्रांतीला लागू पडतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, हे निश्चित आहे. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते, म्हणून लोक असे गृहीत धरतात की त्या दिवशीही संक्रांत होती, आणि त्यावरून वाक्प्रचाराचा उगम सांगतात. परंतु मकरसंक्रांत ही इंग्रजी तारखेला बांधलेली नाही. आपले पंचांग सूर्याचा मकर राशीतला प्रवेश ताऱ्यांच्या संदर्भात मोजते आणि ते वर्ष आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतल्या वर्षापेक्षा किंचित मोठे असते. हा फरक साठत जाऊन साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस होतो आणि संक्रांत तेवढी पुढे सरकते. त्याचा उलटा हिशेब केला, तर दोनशे साठ वर्षांपूर्वी संक्रांत आजच्यापेक्षा जवळजवळ चार दिवस आधी, म्हणजे १० जानेवारीच्या सुमारास येत होती. पानिपतावर युद्ध झाले तेव्हा संक्रांत होऊन गेलेली होती.

आपल्या ज्येष्ठ सभासदांना हे गणित पटले नाही, तर एक सोपा पडताळा द्यावा. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत आहे. १८६३ साली १२ तारखेला असलेली संक्रांत त्याआधी शंभर वर्षे १४ तारखेला असणे शक्य नाही. मी स्वतः फळ्यावर अनेक वर्षे पानिपत आणि संक्रांत यांची सांगड घालत होते. हा विवेकानंदांचा दाखला एका विद्यार्थिनीच्या आजोबांनी मला चिठ्ठीत लिहून पाठवला आणि त्या दिवसापासून कोणतीही तारीख फळ्यावर लिहिण्यापूर्वी मी ती कोणत्या पद्धतीची आहे, हे पाहू लागले.

मग ‘संक्रांत येणे’ किंवा ‘कोसळणे’ याचा अर्थ संकट असा का झाला? पंचांगात दर वर्षी संक्रांतीचे वर्णन असते: ती कोणत्या वाहनावर बसून आली, कोणते वस्त्र नेसली, हातात कोणते शस्त्र आहे, कोणत्या दिशेला जाते आणि कोणत्या दिशेला पाहते. ती जे नेसते, जे खाते, जिकडे पाहते, त्याचा नाश होतो किंवा त्याला पीडा होते असा समज आहे. घराघरांत गुरुजी हे वाचून दाखवीत आणि बायका त्या वर्षी त्या रंगाची साडी टाळीत. ह्या समजुतीतून वाक्प्रचाराचा अर्थ सरळ लागतो, त्यासाठी रणांगणावर जाण्याची गरज पडत नाही. पानिपतचा घाव मराठी मनावर इतका खोल आहे की प्रत्येक दुःखाचा शब्द तिकडे नेऊन जोडावासा वाटतो, हे मी समजू शकते. पण त्या लढाईने भाषेला जे खरोखर दिले ते आपल्याजवळ आहेच. ‘पानिपत होणे’ म्हणजे पुरता पराभव होणे, आणि ‘विश्वास पानिपतात गेला’ ह्या वाक्यात त्या लढाईत पडलेल्या विश्वासरावांचे नावही आहे आणि भरवसाही आहे.

तारखांच्या बाबतीत अजून एक खबरदारी दिनविशेष लिहिणाऱ्यांनी घ्यावी. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन दिनदर्शिका वापरली आणि पोर्तुगीज मात्र १५८२ पासून नव्या दिनदर्शिकेने तारखा लिहीत. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या पद्धतीची आहे. नव्या पद्धतीने तो दिवस १६ जून येतो. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, ही तिथी मात्र दोन्हींकडून एकच राहते. म्हणून सतराव्या शतकातील घटनेचे टिपण लिहिताना मी आधी तिथी आणि शक लिहिते, मग इंग्रजी तारीख.

आपल्या शहराकडे मराठीच्या दृष्टीने केवढा साठा आहे, याचीही आठवण करून द्यावीशी वाटते. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश केला आणि दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. अष्टप्रधानांतही पेशव्याचा पंतप्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव आणि सरनौबताचा सेनापती झाला. त्यानंतर अडीच शतकांनी, १९३१ साली, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या प्रेरणेने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभारातील शब्दांचा आठ भाषांचा कोश निघाला. त्यात मराठी आणि गुजराती शेजारी शेजारी आहेत. एखाद्या जुन्या ग्रंथालयात तो मिळाला तर त्याचे एक पान घ्यावे, एका इंग्रजी शब्दाला बाकीच्या भाषांनी काय म्हटले ते मुलांना दाखवावे आणि त्यांतला कोणता शब्द आज आपण वापरतो ते त्यांनाच विचारावे. त्यातून सहज महिनाभराची टिपणे निघतील, आणि ती पुण्यामुंबईच्या कोणत्याही गटाकडून उसनी घ्यावी लागणार नाहीत.

लिहिण्याच्या तंत्राबद्दल थोडे. मी टिपण साठ ते ऐंशी शब्दांत संपवते आणि निदान पंधरा टिपणे तयार असल्याशिवाय नवा क्रम सुरू करीत नाही, कारण आजारपणात किंवा घरच्या कार्यात घाईने उचललेली माहितीच हमखास चुकते. प्रत्येक टिपण मी वहीत लिहिते आणि समासात ते कुठे वाचले तेही टिपते. कोणी विचारले की वही उघडायची, एवढेच उत्तर पुरते.

राहिला आपला तिसरा प्रश्न. चूक गटावर अवश्य सांगावी, आणि ती त्याच वेळी, त्याच ठिकाणी, स्वतंत्र टिपण म्हणून सांगावी. जुना मजकूर गुपचूप पुसू नये. मी आपल्या जागी असते तर उद्या सकाळी असे लिहिले असते: ‘संक्रांत कोसळणे हा वाक्प्रचार पानिपतच्या लढाईवरून आला असे मी लिहिले होते, ते बरोबर नव्हते. लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली आणि त्या काळी संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येत होती. आपल्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळातले जुने पंचांग असेल तर ते उघडून त्या वर्षीची संक्रांत कोणत्या तारखेला होती ते पाहावे आणि वर्षासह इथे कळवावे.’ आणि पुरावा विचारणाऱ्या त्या ज्येष्ठ सभासदांना आपण स्वतः फोन करून पहिले पंचांग त्यांच्याकडेच मागावे.